दम धरणारं भात

खळ्यावर साळीच्या दोन मुठी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एकीचा रंग तांबूस-सोनेरी, वापरून गुळगुळीत झालेल्या पितळी भांड्यासारखा. दुसरीचा फिकट, सुकल्या पेंढ्यासारखा. टरफल काढलं तर आतले दाणे सारखेच. शिजवून ताटात वाढले तर कुठला कोणता हे जेवणाऱ्याला सांगता यायचं नाही. शेतात उभ्या असताना दोन्हींची उंची एक, निसवण्याची वेळ एक, पिकायला लागणारे साधारण 145 दिवसही एकच. पहिलीचं नाव स्वर्णा, दुसरीचं स्वर्णा-सब1.

त्यांच्यातला खरा फरक पूर आल्यावर कळतो. पाणी रोपाच्या डोक्यावरून गेलं आणि दहा-बारा दिवस तिथंच तुंबलं, तर पहिली कुजून चिखलात मिसळते. दुसरी पाणी ओसरल्यावर काही दिवसांत नवी पानं काढते.

हा एवढाच फरक साधायला साठ वर्षं लागली. त्यासाठी ओडिशातून दोन वाणांचे धागे निघाले. एक मलायाला जाऊन आंध्रच्या गोदावरीकाठी परतला, दुसरा फिलिपाइन्सहून थेट कॅलिफोर्नियापर्यंत गेला. दोन्हींची गाठ पडली आणि ते पुन्हा ओडिशाच्या चिखलात उतरले, तोवर एकविसावं शतक उजाडलं होतं.

खोलगट जमिनीचा जुगार

कोकणातल्या शेतकऱ्याला वरकस आणि खलाटी यांतला भेद शिकवावा लागत नाही. उतारावरची जमीन पाणी धरत नाही, खालच्या खाचरातलं पाणी हलत नाही. ओडिशात या खालच्या जमिनीला ‘खाल’ म्हणतात. फरक इतकाच की कोकणात डोंगराचा उतार आणि जवळचा समुद्र पाणी ओढून नेतो. महानदी, ब्राह्मणी आणि वैतरणी यांच्या मुखाकडचा प्रदेश मात्र ताटासारखा सपाट आहे. तिथं नदी फुगली की पाणी शेतात शिरतं आणि निघायचं नाव घेत नाही. आसाम, उत्तर बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, बंगाल आणि सीमेपलीकडचा बांगलादेश या साऱ्या पट्ट्याची हीच कथा आहे.

या शेतीला बांध आहेत, कालवा नाही. वरून पडेल तेवढं पाणी घ्यायचं आणि बांधात अडवायचं. बरं चाललं तर खाचरात वीतभर ते हातभर पाणी राहतं. पण जूनमध्ये पेरलेलं जुलैत उघडिपीनं करपतं, ऑगस्टमध्ये तेच शेत बुडतं आणि ऑक्टोबरात दाणा भरायच्या वेळी पुन्हा कोरडं पडतं, असंही एकाच हंगामात घडतं. पाणी आणायचा उपाय नाही, काढायचाही नाही.

अशा जमिनीसाठी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जे वाण निवडले ते उंच आणि गरवे होते. त्यांची एक खोड फार उपयोगी पडायची. पेरणी कधीही होवो, दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ते निसवत नसत. पाऊस उशिरा आला म्हणून पेरणी लांबली तरी फुलोरा यायचा तो पाणी उतरू लागण्याच्या सुमारासच. उत्पन्न बेताचं, खत घातलं तर ताट वाढून आडवं व्हायचं, पण घरी काहीतरी यायचं. काहीतरी हमखास यावं, हाच या शेतीचा पहिला नियम होता.

तरीही भात बुडून मरतं हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. पाण्यात उभं राहणारं पीक पाण्यानं कसं मरेल? मुळं पाण्यात असणं वेगळं आणि शेंडा पाण्यात जाणं वेगळं. भाताच्या ताटात आणि मुळांत हवेच्या नळ्या असतात. वरच्या पानांनी घेतलेली हवा त्यांतून खाली मुळांपर्यंत पोहोचते. शेंडा बुडाला की हा रस्ताच बंद होतो. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतात. त्यात पुराचं पाणी गढूळ, म्हणजे उजेडही आटतो. मग रोप करतं ते घाबरलेला माणूस करतो तेच. सगळी शक्ती लावून वर यायला धडपडतं. पात्यांची लांबी झपाट्यानं वाढते आणि साठवलेली साखर त्यात संपते. पाणी चार-पाच दिवसांत उतरलं तर निभावतं. आठवडा उलटला की ताट पिवळं पडतं, आणि पाणी ओसरतं तेव्हा आधार गेलेलं ते लांबुडकं, पोकळ रोप चिखलावर आडवं होतं. त्यानंतर शेतातून येणारा कुजका वास ओडिशातल्या शेतकऱ्याला वेगळा ओळखावा लागत नाही.

धळापुटिया

1940 चं दशक बंगाल-ओडिशासाठी भाताच्या अभावाचं दशक होतं. 1942 मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. त्याच वर्षी भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला आणि ऑक्टोबरात मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं. युद्धाची धोरणं, साठेबाजी आणि गगनाला भिडलेले भाव यांची त्यात भर पडून 1943 चा दुष्काळ पडला. त्यात 20 ते 30 लाख माणसं गेली असा अंदाज आहे. या आपत्तीची आठवण ताजी असताना, 1946 मध्ये, कटकजवळ विद्याधरपूर इथं केंद्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक के. रामय्या. कोइंबतूरच्या भात पैदास केंद्रात त्यांची कारकीर्द घडली होती आणि भाताच्या आनुवंशिकतेचा देशातला सर्वांत जाणता माणूस म्हणून त्यांचं नाव होतं.

त्याच दशकात ओडिशातल्या भात पैदासकारांनी ‘धळापुटिया’ नावाच्या एका स्थानिक वाणातून निवड केली. त्या काळची निवडीची रीत साधी आणि चिकाटीची होती. शेतकऱ्याचं बियाणं कधीच एकसारखं नसतं. एका गोणीत अनेक कुळं नांदत असतात. शेतात फिरून वेगळ्या वाटणाऱ्या लोंब्या खुडायच्या, एका लोंबीतले दाणे एकाच ओळीत पेरायचे, पुढच्या वर्षी चांगल्या ओळीच ठेवायच्या. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतातल्या काही वेगळ्या लोंब्या वेचून एचएमटी हे बारीक धान उभं केलं, ती नजर याच जातीची.

धळापुटियातून निघालेल्या ओळीला नाव मिळालं एफआर 13ए. एफआर म्हणजे ‘फ्लड रेझिस्टंट’, पुराला दाद न देणारं. याच मालिकेत एफआर 43बी हा दुसरा वाणही होता. बुडून राहण्याची ताकद ओडिशातल्या शेतकऱ्यांनी जपलेल्या त्या मिश्र बियाण्यात आधीपासून होतीच. पैदासकारांनी ती वेगळी काढली, तिला क्रमांक दिला.

पण एफआर 13ए शेतकऱ्याला फारसं आवडण्याजोगं नव्हतं. ताट उंच, लोळणारं, उत्पन्न कमी. पूर आला तर ते वाचायचं, पण पूर न आलेल्या वर्षी शेजाऱ्याच्या पिकापुढे फिकं पडायचं. आणि खाल जमिनीतसुद्धा पूर दरवर्षी येत नाही. काही वर्षांतून एकदा उपयोगी पडणाऱ्या गुणासाठी बाकीच्या वर्षांचं उत्पन्न सोडायला कोण तयार होईल? एफआर 13ए शेतांपेक्षा संशोधन केंद्रांच्या बियाणे-संग्रहांतच जास्त राहिलं. हा पहिला धागा.

मलायाहून परतलेली पाहुणी

दुसरा धागाही कटकमधूनच निघाला. 1950 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं कटकमध्ये एक मोठा प्रकल्प चालवला. जपानी गटातलं भात, म्हणजे जॅपोनिका, बुटकं असतं आणि खताला चांगला प्रतिसाद देतं. आपलं इंडिका उंच असतं आणि खत दिलं की लोळतं. दोन्हींचे संकर करून आशियातल्या देशांना वाटायचे, असा तो बेत होता. पण दोन्ही कुळं एकमेकांना इतकी दूरची की संकरित झाडांच्या लोंब्या अर्ध्या पोचट निघायच्या. शेकडो संकर झाले, पण त्यांतून शेतात टिकलेले वाण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तमिळनाडूतलं एडीटी 27 हे त्यांतलं एक.

आणि एक मह्सुरी. तैवानचं ताइचुंग 65 आणि मलायाचं मायांग एबोस यांचा संकर कटकमध्ये झाला. त्याचं बियाणं मलायाला गेलं, तिथं पिढ्या निवडल्या गेल्या आणि 1965 मध्ये वाण प्रसारित झालं. काही वर्षांत ते भारतात परतलं. सरकारी शिफारशीपेक्षा शेतकऱ्याच्या हातून शेतकऱ्याच्या हाती जात ते आंध्रपासून बिहारपर्यंत पसरलं. दाणा चांगला, भात चविष्ट आणि खाल जमिनीत थोड्या खतावरही पीक. शेतकऱ्यांना आणखी काय हवं होतं?

मह्सुरीचा एक दोष उरला होता, तो म्हणजे तिची उंची. तो पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या मारुटेरू इथल्या भात संशोधन केंद्रानं काढला. वसिष्ठ या बुटक्या वाणाशी मह्सुरीचा संकर करून त्यांनी एमटीयू 7029 तयार केलं. एमटीयू म्हणजे मारुटेरू. सोनेरी टरफलामुळे नाव पडलं स्वर्णा. पूर्व विदर्भातल्या धान उत्पादकांनाही हे नाव परकं नाही.

1980 च्या दशकात स्वर्णा ओडिशा, बंगाल, बिहार, छत्तीसगड आणि पूर्व उत्तर प्रदेशाच्या खाल जमिनींत शिरली. बांगलादेशात तर ती सरकारी परवान्याची वाट न पाहता सीमा ओलांडून गेली. दिवस गरव्याचे, म्हणजे जुन्या वाणांइतकेच, पण उत्पन्न त्यांच्या कितीतरी पुढे. बुटकी असल्यानं लोळत नाही. शेतकऱ्यांनी जुनी उंच वाणं सोडून तिला जवळ केलं. त्याची किंमत पुराच्या वर्षी मोजावी लागे. गुडघ्या-मांडीएवढी स्वर्णा पुराखाली सहज बुडायची आणि दहा दिवसांत मरायची.

बुटक्या भाताचं राज्य

ही किंमत का मोजावी लागत होती ते समजायला थोडं मागे जावं लागेल. 1960 मध्ये फिलिपाइन्समध्ये, मनिलापासून जवळच्या लॉस बान्योसला, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. पीटर जेनिंग्ज यांनी इंडोनेशियाच्या पेटाचा तैवानच्या बुटक्या डी-जिओ-वू-जेनशी संकर केला आणि हेन्री बीचेल यांनी त्यातून आयआर 8 निवडलं. 1966 मध्ये ते जगासमोर आलं. खत घाला, पाणी द्या, लोळणार नाही, दुप्पट पीक घ्या. भारतात ताइचुंग नेटिव्ह 1 त्याआधीच आलं होतं. 1968 मध्ये जया आणि पद्मा ही देशी बुटकी वाणं आली. पंजाबपासून गोदावरी-कृष्णेच्या मुखापर्यंत जिथं पाणी माणसाच्या ताब्यात होतं, तिथं कोठारं भरली.

सगळेच या लाटेवर नव्हते. 1960 च्या दशकात कटकच्या संस्थेचे संचालक असलेले आर. एच. रिछारिया परदेशी बुटक्या वाणांची घाईनं आयात करायला विरोध करत होते. त्या वाणांबरोबर रोगही येतील आणि आपल्या वाणांची संपत्ती मागे पडेल, अशी त्यांची भीती होती. वाद विकोपाला गेला आणि त्यांना पद सोडावं लागलं. पुढे रायपूरला त्यांनी छत्तीसगडातून हजारो स्थानिक वाण गोळा केले. बुटक्या भातानं भारताचं पोट भरलं हे रिछारियांच्या टीकाकारांना ठामपणे सांगता येतं. पण ते भात खाल जमिनीसाठी घडवलेलंच नव्हतं, हेही तितकंच खरं. हरित क्रांतीचा नकाशा कालव्यांच्या नकाशावर बेतलेला होता.

टाकीतली परीक्षा

1970 च्या दशकात लॉस बान्योसच्या संशोधकांनी या राहिलेल्या जमिनींकडे मोर्चा वळवला. बेनितो व्हर्गारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुडीत सहन करणाऱ्या वाणांची चाळणी सुरू केली. ही परीक्षा पाहायला कंटाळवाणी असते. ट्रेमध्ये ओळीनं रोपं वाढवायची, मोजायची, टाकीत ठेवायची आणि शेंडे पूर्ण बुडतील इतकं पाणी सोडायचं. आठवडाभरानं किंवा त्याहून उशिरा पाणी काढायचं, आणखी काही दिवस थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. बहुतेक ओळींत मोजायला काही उरतच नसे. ओडिशाहून आलेल्या एफआर 13ए च्या ओळी मात्र बऱ्याचशा हिरव्या राहायच्या. त्याच्या जोडीला श्रीलंकेची कुरुकारुप्पन आणि गोडा हीनाटी अशी आणखी थोडी वाणं होती.

मग संकर सुरू झाले. 1980 च्या दशकात डेव्हिड मॅकिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एफआर 13ए ची ताकद बुटक्या, भरपूर पिकणाऱ्या वाणांत आणली. यातल्या आयआर 49830 या कुळातल्या ओळी पाण्याखाली टिकायच्या आणि उत्पन्नही द्यायच्या. प्रयोग यशस्वी झाला होता. तरीही ही वाणं शेतात रुजली नाहीत.

कारण ती शेतकऱ्याची नव्हती. दाण्याचा आकार वेगळा, शिजल्यावर भात वेगळा, पिकायचे दिवस वेगळे, रोगांशी वागणूक वेगळी. स्वर्णा पिकवणाऱ्याला आपली स्वर्णाच हवी होती, फक्त ती बुडू नये एवढंच. शेतकऱ्याला वाण देताना पैदासकार एका गुणाच्या मागे पन्नास गुण बदलून टाकत होते. ही गोष्ट लक्षात यायला आणि ती टाळण्याचं हत्यार हातात यायला आणखी वीस वर्षं जायची होती.

नवव्या गुणसूत्रावर

बुडीत सहन करणं हा अनेक जनुकांचा मिळून बनलेला गुण असावा, असं बराच काळ मानलं जात होतं. तसं असतं तर तो तुटक तुटक हलवणं फार अवघड गेलं असतं. 1990 च्या दशकात मॅकिल कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथं काम करू लागले. तिथं केनाँग शू या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी 1996 मध्ये दाखवून दिलं की एफआर 13ए च्या या ताकदीचा मोठा वाटा नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेतून येतो. त्या जागेला त्यांनी ‘सब1’ असं नाव दिलं, सबमर्जन्सवरून. इंग्रजीत याचा अर्थ बुडणं असा आहे.

नेमका जनुक हाती लागायला पुढची दहा वर्षं लागली. डेव्हिसमध्येच पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेत शू यांनी त्या जागेचा तुकडा तुकडा चाळला. रिव्हरसाइडमधल्या ज्युलिया बेली-सेरेस यांच्या गटानं त्याचं कार्य उलगडलं. 2006 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. सब1 च्या जागी तीन जनुक शेजारी शेजारी आहेत. त्यांपैकी दोन सगळ्याच भातांत असतात. तिसरा, सब1ए, काही थोड्याच वाणांत आहे, आणि तोच कामाचा आहे.

तो काय करतो हे ऐकल्यावर एफआर 13ए चं शहाणपण लक्षात येतं. रोप बुडालं की त्याच्यात इथिलीन हा वायू साचतो. एरवी हा वायू म्हणजे धोक्याची घंटा. ती वाजली की जिबरेलिनची वाढ-संप्रेरकं जागी होतात आणि रोप वर धावतं. सब1ए त्याच घंटेनं जागा होतो, पण उलट काम करतो. जिबरेलिनच्या हाकेला लगाम घालणारी प्रथिनं तो वाढवतो. रोप वाढायचं थांबतं, साखर जपतं, पानांतला हिरवा रंग टिकवतं आणि दम धरून बसतं. पाणी उतरल्यावर शिल्लक साखरेवर ते नवे फुटवे काढतं.

भातानं पुराला दिलेलं हे एकच उत्तर नाही. बांगलादेश आणि थायलंडच्या खोल पाण्यातली तरंगती वाणं नेमकं उलट करतात. महिनोन् महिने पाणी राहणार हे जणू ठाऊक असल्यासारखी ती पाण्याबरोबर वाढत जातात, काही वेळा एका दिवसात वीतभर. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये त्यांचे जनुक शोधले आणि त्यांना ‘स्नॉर्केल’ हे नाव दिलं. लांबचा पूर असेल तर पोहणं बरं, थोड्या दिवसांचा असेल तर दम धरणं बरं. ओडिशाच्या खाल जमिनीत पूर येतो आणि पंधरवड्यात जातो. धळापुटिया तिथं टिकली ती यामुळेच.

स्वर्णाला धक्का न लावता

2001 मध्ये मॅकिल लॉस बान्योसला परतले. जनुकाची जागा ठाऊक झाली होती. आता जुनी चूक टाळायची होती. शेतकऱ्याला नवं भात द्यायचं नव्हतं. त्याचंच भात, एक गोष्ट बदलून, परत द्यायचं होतं. त्यासाठी निवड झाली स्वर्णाची.

पाठसंकराची रीत जुनी आहे. स्वर्णाचा संकर सब1 असलेल्या आयआर 49830 कुळातल्या ओळीशी केला की पहिल्या पिढीत दोन्हींचा वाटा अर्धा अर्धा. त्या पिढीचा संकर पुन्हा स्वर्णाशीच केला की पाहुण्याचा वाटा सरासरी पाव, पुन्हा केला की अर्धपाव. प्रत्येक वेळी स्वर्णापण वाढत जातं. अडचण एवढीच की सब1 वाहून जात नाही ना, हे तपासायला जुन्या काळी प्रत्येक पिढीला टाकीत बुडवून पाहावं लागायचं. आता रोपाच्या पानाचा छोटा तुकडा घेऊन त्यातला डीएनए तपासला की उत्तर मिळत होतं. सब1 आहे ना? त्याच्या डावी-उजवीकडे पाहुण्याचं नको असलेलं सामान किती आलंय? बाकीच्या अकरा गुणसूत्रांवर स्वर्णा किती? हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयातल्या सी. एन. नीरजा आणि लॉस बान्योसच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम दोन-तीन पाठसंकरांत पूर्ण केलं आणि 2007 मध्ये ते प्रसिद्ध झालं. यात कुठेही बाहेरून जनुक घुसवलेला नव्हता. परागकण एका फुलातून दुसऱ्या फुलावर नेण्याचीच जुनी रीत होती, फक्त नजर नवी होती. त्यामुळे जनुकीय बदल केलेल्या पिकांभोवतीच्या वादात हे बियाणं अडकलं नाही.

सुरुवातीच्या त्या दोन मुठींच्या रंगाचा उलगडा इथं होतो. सब1 च्या शेजारीच, त्याच गुणसूत्रावर, टरफलाचा सोनेरी रंग दाबणारा एक जनुक आहे. पाहुण्याचा तुकडा कितीही लहान कापला तरी हा शेजारी बरोबर आला. म्हणून स्वर्णा-सब1 चं टरफल पेंढ्याच्या रंगाचं झालं. आतल्या दाण्याला त्याची झळ लागली नाही आणि बियाण्याच्या शुद्धतेसाठी तर ही ओळखीची खूण ठरली. फिकट राशीत सोनेरी दाणा दिसला की भेसळ डोळ्यांनाच कळते.

पाणी ओसरल्यावर

बियाणं भारतात आलं आणि कटकमध्ये, तसंच पूर्व उत्तर प्रदेशात चाचण्या सुरू झाल्या. 2008 च्या पावसाळ्यात शेतकऱ्यांच्या शेतांतही ते लावलं गेलं आणि पुराखाली गेलं. पाणी उतरल्यावर रोपं मेल्यासारखीच दिसायची. गेल्या सगळ्या अनुभवाप्रमाणे शेत नांगरून टाकावं, असंच कुणाच्याही मनात येईल. सब1 चा गुण मात्र पाणी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी दिसतो, जुन्या पानांतून नवं पातं डोकं काढतं तेव्हा. या वाणाचा प्रसार करणाऱ्यांना शेतकऱ्यांना सांगावी लागलेली पहिली गोष्ट खताची नव्हती, फवारणीचीही नव्हती. ती होती, ‘थांबा, नांगरू नका.’

2009 मध्ये भारतात स्वर्णा-सब1 प्रसारित झालं. पुढच्या वर्षी बांगलादेशात तेच बियाणं ब्रि धान 51 या नावानं आलं, आणि तिथल्या बीआर 11 या आवडत्या वाणालाही सब1 ची जोड मिळून ब्रि धान 52 तयार झालं. फिलिपाइन्समध्ये आयआर 64 च्या सब1 अवताराला ‘सबमरिनो’ म्हणू लागले. वाण वेगवेगळी, पण रीत एकच. ज्या प्रदेशात जे भात आधीच घरोघरी होतं त्यालाच दम धरायला शिकवायचं.

2011 मध्ये ओडिशाच्या भद्रक आणि बालेश्वर जिल्ह्यांतल्या पूरप्रवण भागातल्या 128 गावांत अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास केला. अर्ध्या गावांतल्या काही शेतकऱ्यांना स्वर्णा-सब1 चं पाच-पाच किलो बियाणं दिलं, उरलेल्या गावांत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात पूर आला. शेत दहा दिवस बुडालं तिथं स्वर्णा-सब1 नं साध्या स्वर्णापेक्षा सुमारे 45 टक्के जास्त पीक दिलं. पूर नसलेल्या शेतांत दोन्हींत फरक नव्हता, म्हणजे विम्याचा हप्ता शून्य.

अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. पाणी आधी चढतं आणि शेवटी उतरतं अशा सर्वांत खालच्या जमिनी बहुधा अनुसूचित जातींच्या कुटुंबांकडे होत्या. गावात उंचावरच्या जमिनी कुणाला आणि खाल जमिनी कुणाला मिळाल्या, हा इतिहास भातापेक्षा जुना नसला तरी बराच जुना आहे. त्यामुळे पुरातून वाचणाऱ्या या बियाण्याचा सर्वाधिक फायदा आजवर सर्वांत जास्त गमावणाऱ्यांनाच झाला. दुसरं कुठलंही सुधारित वाण सहसा पाणी आणि पैसा असणाऱ्याकडे आधी पोहोचतं.

मर्यादाही आहेत. पूर पंधरवड्याहून फार लांबला, पाणी फार गरम आणि गढूळ असलं किंवा भात फुलोऱ्यात असताना बुडालं तर सब1 ही हरतं. महिनाभर कमरेएवढं साचून राहणाऱ्या पाण्याला त्याच्याकडे उत्तर नाही. आणि खाल जमिनीचा दुसरा शत्रू, ऑक्टोबरचा अवर्षणाचा काळ, तसाच उरतो. म्हणून कटकच्या संस्थेनं पुढे स्वर्णाच्याच कुळात सब1 बरोबर दुष्काळ सोसण्याचे गुण घालून सीआर धान 801 आणि 802 ही वाणं काढली. बुडणं आणि करपणं एकाच हंगामात सोसणाऱ्या शेतीसाठी भातालाही दोन्ही सोसायला शिकावं लागतंय.

त्या 128 गावांच्या अभ्यासात पुढच्या वर्षी एक नोंद झाली. स्वर्णा-सब1 लावणारे शेतकरी इतरांपेक्षा जास्त खत घालू लागले होते, फेकून पेरण्याऐवजी लावणी करू लागले होते, पडीक टाकलेला तुकडा लागवडीखाली आणत होते. पुराची भीती अर्धी झाली तशी शेतीवर खर्च करायची हिंमत वाढली. खाल जमिनीचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या हात राखून शेती करत आला, कारण काय घातलं तरी एक पूर ते नेणार होता. आता जुलैच्या चिखलात, पूर येणार की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नसताना, तो खाचरात युरियाचं आणखी अर्धं पोतं फेकतो.